फेलिशियाच्या हाताचा काटा

वसईच्या पाचूबंदरच्या धक्क्यावर फेलिशियाने तीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारला. पहाटेच्या बोटी लागायच्या, टोपल्या उतरायच्या, आणि ही ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई पदर कमरेला खोचून मधोमध येऊन उभी राहायची. मग सारा धक्का गप्प. आवाज असा की किल्ल्याच्या तटावर आपटून परत यावा. पण तिची खरी ख्याती आवाजाची नव्हती, हाताची होती. घोळ असो, रावस असो, कोळंबीची ओली टोपली असो, फेलिशिया ती एकदा उचलायची, डोळे अर्धे मिटायची, टोपलीचं, बर्फाचं आणि गळणाऱ्या पाण्याचं वजन मनातल्या मनात वजा करायची आणि आकडा सांगायची. घेणारे त्या आकड्यावर बोली लावायचे. धक्क्यावरचा लोखंडी काटा कोपऱ्यात पडून असायचा. त्याच्यावर कावळे बसायचे.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि तिने लिलाव सोडला. हात मात्र रिकामे बसायला तयार नव्हते.

धक्क्यामागे जाळी विणायची एक जुनी शेड आहे. दिवसा तिथे फेलिशियाचा नवरा फर्डिनंड जाळ्यांची भोकं बुजवत बसतो आणि संध्याकाळी किल्ली बायकोच्या हवाली करून घरी जातो. त्या शेडच्या दारात सात वर्षांपूर्वी एक तरुण मोटारसायकलवरून येऊन उभा राहिला. नाव जितेश. आईवडील कोकणातले, घर विरारच्या चंदनसारला, नोकरी औषधांच्या गोदामात, आणि वेड तायक्वांदोचं. विरारला वर्गासाठी जागा मिळेना, म्हणून शोधत शोधत समुद्रापर्यंत आला होता.

"पोरांना लाथा मारायला शिकवनार?" फेलिशियाने किल्ली कमरेलाच ठेवून विचारलं. "हितं कमी आहेत काय लाथा मारनारे?"

"मावशी, आधी वाकून नमस्कार करायला शिकवतो," जितेश म्हणाला. "लाथ नंतर."

"नंतर म्हंजे कधी?"

"तीन महिन्यांनी."

तिला हसू आलं. तिने किल्ली दिली, पण जाळी कोणी तुडवू नये म्हणून स्वतः दारात स्टूल टाकून बसली. जाळ्यांची राखण करता करता ती पोरांची राखण करू लागली, हे तिचं तिलाही कळलं नाही. महिनाभरात कोणाचा पट्टा सुटला, कोणाचं नाक गळतंय, कोण आज रडून आलंय, हे जितेश सरांच्या आधी दारातल्या स्टुलाला कळू लागलं.

तिच्या हाताची कहाणी मात्र सुरू झाली ती विघ्नेशपासून.

तायक्वांदोत लढती वजनाच्या गटांत होतात. ज्या गटात नाव दिलं, त्याच्या वर शंभर ग्रॅम जरी भरले तरी पोर बाहेर. चार वर्षांपूर्वी एका स्पर्धेत विघ्नेश नावाचा दहा वर्षांचा मुलगा अर्धा किलो कमी करायचा म्हणून कोणाला न सांगता दीड दिवस उपाशी राहिला, आणि वजनाच्या रांगेतच डोळे फिरवून खाली कोसळला. सोबत गेलेल्या फेलिशियाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ओठ पांढरे, हात गार. त्याच्या तोंडात ती साखरेचं पाणी थेंब थेंब सोडत होती आणि तो म्हणत होता, "मावशी, पाणी नको, वजन वाढेल."

दुसऱ्या संध्याकाळी तिने शेडमधला पोरांचा वजनकाटा उचलला. न्हाणीघरात ठेवतात तसला तो चपटा काटा होता आणि शेडच्या उंचसखल फरशीवर या कोपऱ्यात तीस दाखवायचा, त्या कोपऱ्यात अठ्ठावीस. पोरं दिवसातून चार वेळा त्याच्यावर चढायची, उतरायची आणि डबा न उघडता परत न्यायची. फेलिशियाने तो जितेशच्या मोटारसायकलला बांधला.

"सर, हा तुमच्या घरी न्या. वजन मी सांगेन. बसेल त्याच गटात नाव टाकायचं. आनि हितनं उपाशी कोन जानार नाय."

जितेशला वाटलं, बाईंच्या मनाला लागलंय, चार दिवस जाऊ द्यावेत. पण पुढच्या स्पर्धेआधी तिने नऊ पोरांना काखेत हात घालून उचललं आणि नऊ आकडे सांगितले. स्पर्धेच्या काट्यावर एकही पन्नास ग्रॅमच्या पलीकडे चुकला नाही. त्या दिवसापासून सरांनी वही तिच्यासमोर धरली.

मग त्याची एक रीतच पडली. स्पर्धा रविवारी असली की शुक्रवारी सराव संपला, पोरं घामाने निथळत असली की स्टुलासमोर रांग. फेलिशिया एकेकाला उचलायची, डोळे अर्धे मिटायची, अंगावरच्या भिजलेल्या डोबोकचे पाऊण किलो वजा करायची आणि धक्क्यावरच्या आवाजात पुकारायची. डोबोक म्हणजे तायक्वांदोचा पांढरा गणवेश. विरारच्या शिंप्याने जाड मांजरपाटाचे शिवलेले ते डोबोक घाम प्यायले की चिलखतासारखे जड व्हायचे. पोरांना तो पुकारा फार आवडायचा.

"जॉयल, तीस सहाशे. घोळ झालाय नुसता. आईला सांग, पोरगा विकायला तयार आहे."

"मावशी, बोली किती लागेल?"

"बर्फात ठेवला तर बरी लागेल. खराब व्हायच्या आत जा घरी."

आकडा सांगून झाला की प्रत्येकाच्या हातात एक सुकेळं. वसईच्या वाडीतली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्याची मऊ, मधासारखी गोड सुकेळी होतात. पोरं ती चोखत घरी जायची. चार वर्षांत कोणी कोसळलं नाही. दुसऱ्या वर्गांचे सरसुद्धा जितेशला विचारायचे, "ती तुमची काटेवाली मावशी आली नाही का?" आणि फेलिशिया ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण त्या रात्री भात वाढताना फर्डिनंडला तिचं गुणगुणणं ऐकू यायचं.

यंदा दिवाळीनंतर वर्गाला नवे डोबोक आले. पातळ, झुळझुळीत, घाम धरून न ठेवणारे. पोरं त्यात बगळ्यांसारखी दिसायची. सगळे खूश होते. फेलिशियाही.

डिसेंबरात विरारला विभागीय स्पर्धा ठरली. पाच जिल्ह्यांचे संघ येणार होते. शुक्रवारी रांग लागली. रांगेत शेवटी जागृती होती. बाबू खलाशाची ही अकरा वर्षांची मुलगी, हातापायांनी लांब, बोलायला कंजूस. आई सुभद्रा धक्क्यावर बोंबील वाळत घालते. गेल्या वर्षी पहिल्याच लढतीत हरून आल्यावर जागृती आठ दिवस शेडमधल्या खांबाला लाथा मारत होती. यंदा एकोणतीस किलोपर्यंतच्या गटात तिच्यासमोर उभं राहील असं कोणी नाही, असं सर म्हणायचे.

फेलिशियाने तिला उचललं, डोळे मिटले. "बरोबर एकोनतीस. काट्यावर काटा. पोटभर जेव, उगाच घाबरू नको. रविवारी सकाळी एकोनतीसच भरशील, माझा शब्द."

जागृतीने सुकेळं घेतलं, वाकून नमस्कार केला आणि ती गेली.

रविवारी सगळे मासळीच्या टेम्पोतून निघाले. शनिवारी तो तीनदा धुतला होता, चटया अंथरल्या होत्या, पण बोंबलाचा वास काही पाण्याला दाद देत नाही. विरार पूर्वेच्या शाळेच्या आवारात टेम्पो थांबला आणि चौदा पोरं उतरली, तेव्हा शेजारच्या बसमधल्या बोईसरच्या मुलींनी नाकाला पट्टे लावले. त्यांच्यातली एक उंच, जाड वेणीची मुलगी म्हणाली, "अरे, मच्छी मार्केट आलं."

"हो," जॉयल म्हणाला, "आज तुमचीच आमटी आहे."

"पुरे," फेलिशियाने त्याच्या मानेवर हात ठेवला. "तोंड मॅटवर चालत नाय. चला, वजनाला."

मुलांचं वजन हॉलमध्ये होतं, मुलींचं शेजारच्या वर्गात पडद्यामागे. फेलिशिया मुलींबरोबर आत आली. टेबलामागे वजनं घेणाऱ्या मटिल्डा मॅडम होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर आणि समोर आकड्यांचा चकचकीत काटा. मुलींनी डोबोक काढून फेलिशियाच्या हातावर टाकले आणि टी-शर्ट-चड्डीवर रांगेत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात हॉलमध्ये वजन देऊन आलेल्या मयूरने दारातून डोकं आत घातलं. "मावशी, तू सव्वीस शंभर बोललेलीस. सव्वीस पाचशे भरलं. पण चालेल, गट सत्तावीसचा आहे."

"बरं."

पाठोपाठ जॉयल. "मावशी, माझं तेहतीस सहाशे. शुक्रवारी तू तेहतीस दोनशे बोललेलीस."

"काल काय गिळलंस?"

"आईशप्पथ, रोजचंच."

फेलिशियाने मान हलवली. समोर एलिना काट्यावर चढली होती. फेलिशियाने तिला चोवीस सांगितले होते. मटिल्डा मॅडम म्हणाल्या, "चोवीस चारशे."

चारशे. पुन्हा चारशे. एक पोर चुकतं, दोन चुकतात, पण तिन्ही पोरं मोजून तेवढीच कशी चुकतील? लिलावातल्या बाईला एवढं कळतं की चूक सारखीच निघाली तर ती मासळीत नसते. आणि रांगेत शेवटी जागृती उभी होती, बरोबर एकोणतीसचा शब्द घेऊन.

जागृती चढली. काट्यावरचे आकडे पळाले, थबकले.

"एकोणतीस शंभर," मटिल्डा मॅडम म्हणाल्या. "शंभर ग्रॅम जास्त आहे, बेटा. तासाभरात पुन्हा एकदा उभं राहता येतं. नाहीतर तुमच्या सरांनी वरच्या गटात नाव लिहून द्यायचं, बत्तीसच्या. पण ते तासाच्या आत."

जागृतीचा चेहरा कागदासारखा झाला. एलिना मात्र वळून मोठ्याने म्हणाली, "मॅडम, तुमचा काटा बिघडलाय. आमच्या मावशीचा हात कधीच चुकत नाही."

ही बातमी पडद्याबाहेर जायला कितीसा वेळ लागणार. दारात पाचूबंदरची सगळी फौज जमली. "काटा खोटा आहे." "सगळ्यांचं चारशे जास्त दाखवतोय, कसं काय?" "काटा चेक करा." जितेशही आला. शांत माणूस, पण त्याच्याही कपाळावर शीर उठली होती. "मॅडम, माफ करा, पण चार वर्षांत असं झालेलं नाही. एकदा तपासून बघता का?"

मटिल्डा मॅडमनी वाद घातला नाही. टेबलाखालून पाच किलोचं वजन काढून काट्यावर ठेवलं. पाच किलो, शून्य ग्रॅम.

"पाचला बरोबर असेल, तीसला नसेल," जॉयल म्हणाला.

"तसंही असू शकतं," मॅडम म्हणाल्या. "हवं तर दुसरा काटा मागवते. मावशींबद्दल मीही ऐकलंय."

सगळ्यांचे डोळे फेलिशियाकडे लागले. तिने फक्त गप्प राहायचं होतं. दुसरा काटा आला असता, थोडा गोंधळ झाला असता, एखादे वेळी शंभर ग्रॅम इकडेतिकडे निघून जागृती आतही बसली असती. निघाली नसती तरी पोरांनी काट्यालाच शिव्या दिल्या असत्या. तीस वर्षं आणि वर चार वर्षं कमावलेलं नाव तसंच राहिलं असतं.

पण तिचं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे होतं. त्या हातावर चार डोबोक टाकलेले होते. चार डोबोक, आणि हाताला ओझं म्हणून नव्हतं. जुने असते तर एव्हाना खांदा बोलला असता.

तिने ते चारही टेबलावर ठेवले.

"काटा बरोबर आहे," ती म्हणाली. "चुकले मी."



"जुना डोबोक घाम प्यायला की पाऊन किलो भरायचा. शुक्रवारी मी तेवढाच वजा केला. हे नवे पानीच धरत नाहीत. अंगावर साडेतीनशे असतील, मी साडेसातशे काढले. सगळ्या पोरांचे चारशे चारशे मी खाल्ले. कापड बदललं, माझा हात जुनाच राह्यला. माफ करा, मॅडम."

मटिल्डा मॅडमनी चष्मा काढून पुसला. "माफी कसली, मावशी."

जितेश हलकेच म्हणाला, "मावशी, शंभर ग्रॅमचाच प्रश्न आहे. काही बिघडलेलं नाही."

"नाहीच बिघडलेलं," जागृती एकदम म्हणाली. तिने दाराजवळच्या खुर्चीवरून जॉयलचं जाड जॅकेट उचलून अंगात चढवलं होतं, गळ्यापर्यंत चेन ओढली होती. "मावशी, तू टेन्शन घेऊ नको. शंभर ग्रॅम काय, मी ग्राउंडला दहा राउंड मारून येते." आणि कोणी अडवायच्या आत ती बाहेर पळालीसुद्धा.

आवारात ऊन चढलं होतं. मुलगी मैदानाच्या कडेने पळत होती, जॅकेट गुडघ्यांपर्यंत लोंबत होतं. जितेश हातातल्या घड्याळाकडे पाहत होता. "पंधरा-वीस मिनिटांत उतरेल, मावशी. मग खायला देऊ. एवढ्याने काही होत नाही."

फेलिशिया पायरीवर बसली. सर खोटं बोलत नव्हते. शंभर ग्रॅम म्हणजे मूठभर सुकट. पण तिच्या डोक्यात लिलावातली जुनी सवय हिशेब सोडत नव्हती. मयूर चारशेने जास्त. जॉयल चारशे. एलिना चारशे. मग जागृतीही शुक्रवारी चारशेने जास्तच असणार. एकोणतीस चारशे. आज काट्यावर भरली एकोणतीस शंभर.

उरलेले तीनशे गेले कुठे?

ती उठली. गुडघ्यांना न विचारता मैदानात गेली आणि पळत येणाऱ्या मुलीच्या वाटेत उभी राहिली, धक्क्यावर उभी राहायची तशी. जागृती येऊन तिच्या अंगावरच आदळली.

"सोड मावशी, सहावी फेरी आहे."

फेलिशियाने जॅकेटची चेन उघडली, काखेत हात घातले आणि तिला उचललं. डोळे मिटले. भरलेलं मूल आणि रिकामं मूल हाताला वेगळं लागतं. भरलेल्याचा भार मधोमध असतो, टोपलीच्या तळासारखा. रिकाम्याचं सगळं वजन हातापायांत लोंबतं. तिने जागृतीला खाली ठेवलं.

"कधीपासून जेवली नाहीस?"

"सकाळी चहा…"

"मी चहा नाय विचारला."

जागृतीने जॅकेटच्या बाहीत हात लपवले. "काल दुपारपासून."

"मी जेव म्हनाले होते. मी शब्द दिला होता की भरशील म्हनून. माझ्यावर विश्वास नव्हता तुझा?"

"होता," मुलगी म्हणाली. मग तोंड वाकडं झालं आणि आतापर्यंत धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मी काल आईच्या सुकटीच्या काट्याला लटकून बघितलं. तुळईला लावलाय ना, त्याला. साडेएकोणतीसच्या जवळ आलं. मला वाटलं, तुला सांगितलं तर सगळे बोलतील मावशीचा हात गेला. म्हणून मी विचार केला, मीच कमी होते. मग तुझं बरोबर येईल."

विघ्नेशचं गार डोकं मांडीवर घेऊन फेलिशियाने जे ठरवलं होतं, त्यासाठीच ना हा सगळा खटाटोप. पोरांनी आकड्याच्या भीतीने उपाशी राहू नये. आणि आज हे पोर उपाशी होतं, काट्याच्या भीतीने नव्हे, तिच्या नावासाठी. तिने गुणगुणत मिरवलेल्या त्या हातासाठी.

ती तिथेच मातीत बसली आणि मुलीला समोर बसवलं.

"ऐक, बाय. धक्क्यावर मी कितींदा चुकले ठाऊक आहे? एकदा घोळ समजून मी तुझ्या आज्याला दगड भरलेली टोपली विकली असती. खाली दगड घालून कोनीतरी माझी मस्करी केली होती. सगळा धक्का हसला. दुसऱ्या दिवशी मी परत उभी राह्यले. हात चुकतो. हात चुकला तर हसायचं आनि काटा आनायचा. पोटाला नाय सांगायचं हाताचं खरं करायला."

जागृती नाक पुसत होती. "पण मग आता मी खेळू नको?"

"खेळशील. बत्तीसमध्ये."

"बत्तीसमध्ये ती बोईसरची पिंकी आहे. ती वेणीवाली. ती एवढी उंच आहे."

"असू दे. उपाशी पोटानं बुटकीशी लढन्यापेक्षा भरल्या पोटानं उंचीशी लढ. हरशील कदाचित." फेलिशियाने पदराने तिचं तोंड पुसलं. "हरलीस तर माझ्यामुळे हरशील, हे मी सगळ्यांना सांगेन. पन कोसळनार नाहीस."

जितेश मागे येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं की नाही, त्याने कधी सांगितलं नाही. "सर," फेलिशिया बसल्या जागेवरून म्हणाली, "नाव वरच्या गटात टाका." तो एक क्षण घुटमळला. ज्या सुवर्णपदकाची त्याला खात्री होती, ते त्या क्षणी कुठेतरी लांब गेलं. मग तो वळला आणि मटिल्डा मॅडमच्या टेबलाकडे चालू लागला.

फेलिशियाने डबा उघडला. तांदळाची भाकरी, उकडलेली अंडी, थोडी सुकी चटणी. जागृतीने पहिला घास घेतला तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटले. दोन भाकऱ्या, दोन अंडी आणि वर सुकेळं. फेलिशिया समोर बसून प्रत्येक घास मोजल्यासारखा पाहत होती. तिने स्वतः काही तोंडात घातलं नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

लढत दुपारी तीनला लागली. निळं चिलखत आणि निळं शिरस्त्राण घालून जागृती मॅटवर उभी राहिली. समोर लाल रंगात पिंकी, एका डोक्याने उंच. दोघी वाकल्या. पंचांचा हात खाली आला आणि लढत सुरू झाली.

पहिली फेरी पाहवत नव्हती. पिंकीचा लांब पाय दरवेळी जागृतीच्या आधी पोचत होता. चिलखतावर साधी लाथ बसली की दोन गुण, आणि तीनपैकी दोन फेऱ्या घेईल ती जिंकणार. आठ-दोन. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून जितेश तिला शांतपणे काहीतरी सांगत होता. गॅलरीत फेलिशिया कठड्याला दोन्ही हातांनी धरून होती. शेजारी जॉयल, नखं खात.

"मावशी, ओरड ना काहीतरी. तुझा आवाज तिला ऐकू येईल."

"नको. सरांचं ऐकू दे तिला."

दुसऱ्या फेरीत जागृतीने लांबून खेळणं सोडलं. ती आत शिरली, एवढी जवळ की पिंकीच्या लांब पायाला उघडायला जागा उरेना, आणि तिथून पाठीमागे वळून टाच हाणली. धप्प. वळून मारलेल्या लाथेचे चार गुण. पुन्हा. पिंकीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आश्चर्य दिसलं. फेरी जागृतीने घेतली.

तिसऱ्या फेरीत, अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटातसुद्धा, जागृतीचे पाय उचलत होते. फेलिशिया फक्त पायच पाहत होती. या फेरीत सहा-सहा. मग घंटा वाजायच्या सहा सेकंद आधी पिंकीची एक लाथ बरगडीपाशी बसली. आठ-सहा. संपलं.

पंचांनी लाल बाजूचा हात वर केला. जागृती वाकली, पिंकीच्या सरांनाही जाऊन वाकली, ताठ चालत मॅटबाहेर आली आणि जितेशच्या पोटात डोकं खुपसून उभी राहिली. तो तिच्या शिरस्त्राणावर हळूहळू थोपटत होता, दार वाजवावं तसं.

फेलिशिया जिना उतरून खाली येईपर्यंत पिंकी तिथे आली होती. वेणी सुटलेली, बरगडीवर हात. "तुझी ती मागची लाथ जाम लागते," ती म्हणाली. "कुठे शिकलीस?"

"आमच्या शेडमध्ये. खांबावर."

"मी सकाळी बोलले ते सॉरी हां. मच्छी मार्केट."

जागृतीने जरा विचार केला आणि पिशवीतलं सुकेळं काढून तिच्या हातावर ठेवलं. पिंकीने वास घेतला, चावलं. "हे काय आहे? मस्त आहे." मग दोघी भिंतीला टेकून बसल्या आणि आपापल्या पायांवरचे काळेनिळे डाग एकमेकींना दाखवू लागल्या.

संध्याकाळी टेम्पोत चढायच्या वेळी पाच पदकं गळ्यांत होती आणि जागृतीचा गळा मोकळा होता. फेलिशियाने सगळ्यांना टेम्पोच्या मागे उभं केलं.

"सर, उद्या काटा घेऊन या. चांगला, सपाट फळीवर ठेवायचा. आनि काट्यावर महिन्यातून एकदाच चढायचं, सरांसमोर. येता-जाता जो चढेल त्याच्याशी माझी गाठ आहे."

एलिनाने विचारलं, "म्हणजे तू आता उचलणार नाहीस?"

"उचलनार. पन आकडा नाय सांगनार. आकडा काट्याचा. माझ्या हाताला एवढंच कळतं की पोर भरलेलं आहे की रिकामं. रिकामं लागलं तर हितंच बसवून भरवीन, मग कोन चॅम्पियन असो. ठीक आहे?"

"आणि पुकारणार?" जॉयलने विचारलं.

"ते तर पुकारनारच. माझा आवाज कुठं गेलाय."

पोरं हसली, एकेक करून टेम्पोत चढली. शेवटी जागृती राहिली. ती चढली नाही. फेलिशियासमोर येऊन उभी राहिली, वाकली, आणि अचानक तिच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालून तिला उचलू लागली.

"अगं, सोड, पाठ मोडेल तुझी. सर, हिला बघा."

फेलिशियाचे पाय जेमतेम चार बोटं जमिनीवरून सुटले असतील. जागृतीने दात आवळले होते, आणि डोळे अर्धे मिटले होते, अगदी स्टुलावरच्या बाईसारखे. मग तिने तिला खाली ठेवलं.

"रिकामी," ती म्हणाली. "मावशी, तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

टेम्पोतली पोरं बाहेर वाकून बघू लागली.

जागृतीने तिला हाताला धरून टेम्पोच्या फळीवर बसवलं, डब्यातली उरलेली भाकरी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा तिच्या हातात दिला. मावशीने तो संपवेपर्यंत टेम्पो सुरू झाला नाही.